अण्णांचा रेडिओ आणि साडेआठ माळा

ज्याला सुतारकामाचा नाद असतो, त्याच्या घरात दहा वर्षांनी निदान एखादं डुगडुगतं स्टूल तरी दिसतं. ज्याला बागेचा नाद, त्याच्या अंगणात चार जास्वंदी उभ्या असतात. आम्हाला व्हॉल्व्हच्या रेडिओचा नाद होता आणि दहा वर्षांनी आमच्याकडे उरले फक्त किस्से. वस्तू एकूण एक जळल्या! आता कुठल्या लग्नाकार्यात जुनं कोणी भेटलं की अक्षता टाकायच्या आधीच फर्माईश होते, "माधवराव, तो कंडेन्सर फुटला होता, ते सांगा हो!" आणि मीही निर्लज्जपणे सांगतो.

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं, रत्नागिरीतलं. तोवर जग ट्रान्झिस्टरवर गेलं होतं. सेल घातले, बटण फिरवलं की गाणं सुरू. आम्हाला तो प्रकार अगदी बुळचट वाटायचा. व्हॉल्व्हच्या सेटचा थाट निराळा. आधी काचेच्या नळ्या हळूहळू लालसर व्हायच्या, डायलमागे दिवा लागायचा, मग अर्ध्या मिनिटाने खर्जातला आवाज यायचा. नळ्यांचे लाड मात्र फार. तापायला सहा व्होल्ट लागणार, बोलायला अडीचशे! घरातल्या विजेतून हे दोन्ही तयार करून देणारा जो जड लोखंडी ऐवज, तो पॉवर सप्लाय. तो नीट जमला नाही, तर गाण्याच्या मागे भुंगा अडकल्यासारखी घूं येत राहते.

मंडळात आम्ही तिघं. बाळकाका तारखात्यातून रिटायर झालेले. ज्ञान भरपूर, नजर अधू. हसनभाईंचं मच्छीमार्केटच्या रस्त्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दुरुस्त केलेली वस्तू खरोखर चालायची असे आमच्यातले ते एकटेच. आणि मी, एका सरकारी कचेरीतला कारकून. शास्त्राचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आत्मविश्वास पीएच.डी.चा! शनिवारी दुपारी बाळकाकांच्या पडवीत बैठक. माझी बायको सुनंदा आम्हाला 'घूं मंडळ' म्हणायची. आम्हाला आधी तो अपमान वाटला, नंतर नाव म्हणून बरं वाटायला लागलं.

* * *

सुरुवात माझ्या सासऱ्यांपासून झाली.

अण्णा लांज्याला राहायचे. प्राथमिक शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्या आणि त्या घरात बोलणारं एकच उरलं, व्हॉल्व्हचा रेडिओ. सकाळच्या बातम्या, शेतकऱ्यांसाठी सल्ला, नाट्यसंगीत, क्रिकेटची कॉमेंट्री, जे लागेल ते अण्णा ऐकायचे. सुनंदा त्यांची एकुलती एक. आम्ही जायचो ते गणपतीला आणि मे महिन्यात, बस्स. अशाच एका मे महिन्यात अण्णा सहज म्हणाले, "हल्ली ह्यात जरा घूं येते हो. तुमच्या त्या हसनभाईंना दाखवाल काय?"

"हसनभाई कशाला, मी आहे ना! दोन दिवसांत आणून देतो!"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. नवरा स्कूटर शिकतोय आणि समोर विहीर आहे, अशा वेळी बायका जशा बघतात तसं.

रत्नागिरीला आल्यावर हसनभाईंनी मागचं झाकण काढलं, आत एक नजर टाकली आणि म्हणाले, "कंडेन्सर सुकलाय, घूं त्याचीच. सेट ठेवा इथे, चहा पिऊन या, झालं."

शहाणा माणूस चहा प्यायला गेला असता. मी म्हटलं, "नको हसनभाई. असलं वरवरचं काम नको. पॉवर सप्लाय मुळापासून नवा करू."

हसनभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माधवराव, पोराला ताप आला म्हणून तुम्ही पोरगाच नवीन करणार काय?"

* * *

नवा करायचा, तर आधी जुना समजून घ्यायला हवा. म्हणून मी घरी अण्णांच्या रेडिओचा लोखंडी सांगाडा त्याच्या लाकडी पेटीतून बाहेर काढला. त्यात एक ट्रान्सफॉर्मर होता. त्याच्यातून बऱ्याच वायरी निघालेल्या. कुठली जोडी विजेकडे जाते आणि कुठली व्हॉल्व्हकडे, हे मीटर लावून तपासायचं असतं. माझ्याकडे मीटर होता, पण तो बाळकाकांकडे होता. शनिवारपर्यंत कोण थांबणार?

मी विचार केला: सगळ्यात जाड वायर म्हणजे सगळ्यात जास्त व्होल्ट. सरळ हिशेब. विजेच्या खांबावर नाही का जाड तारा असतात!

तर ती जाड जोडी होती सहा व्होल्टची. तिला मी दोनशे तीस दिले.

फ्यूज जायला हवा होता. पण आमच्या घरचा फ्यूज माझ्या प्रयोगांमुळे इतक्यांदा जायचा की मी कंटाळून तिथे भक्कम तार घातली होती. तेव्हा फ्यूज राहिला आणि ट्रान्सफॉर्मर गेला. आधी नुसता गुरगुरला, मग त्यातून पिवळट धूर निघाला आणि घरभर करपट वास सुटला.

"अहो, काय करपतंय बघा हो! दूध ठेवलंत काय गॅसवर?" सुनंदा मागच्या अंगणातून ओरडली.

"हो, दूधच!" मी म्हटलं.

ती आत आली. गॅसवर काहीच नव्हतं. तिने टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "दूध करपल्याचं अण्णांना तुम्ही स्वतः लांज्याला जाऊन सांगायचं. मी एक अक्षर सांगणार नाही."

* * *

तसा ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळेना. मग बाळकाका म्हणाले, "आपण घरी गुंडाळू! आहे काय त्यात?"

त्यात मोजणं होतं. एका व्होल्टला तारेचे चार वेढे. म्हणजे विजेकडच्या बाजूला नऊशे वीस आणि व्हॉल्व्हकडच्या बाजूला, तिथे अडीचशेचे दोन भाग लागतात म्हणून, दोन हजार. बाळकाकांनी हातड्रिल शिकंज्यात पकडलं, त्याला पुठ्ठ्याची रीळ लावली आणि हँडल फिरवायला बसले. मी मोजायला.

पहिल्यांदा पाचशे चाळीसला पोस्टमन आला आणि "साठ नंबरचं घर कुठलं हो?" म्हणाला. मी घर दाखवलं आणि पुढे एकसष्ट, बासष्ट म्हणत सुटलो. दुसऱ्यांदा सहाशे बाराला खुद्द बाळकाकांनाच राहवलं नाही. "माधवा, सदतीस वर्षं नोकरी केली मी, पण असं काम कधी..." झालं! अडतीस, एकोणचाळीस.

"मेल्या, मोज की नीट!"

"तुम्ही बोलू नका ना, काका!"

तिसऱ्यांदा सगळी तार सोडवत बसलो होतो तेव्हा काकू आतून आल्या. त्यांनी हातातली जपमाळ माझ्या मांडीवर टाकली. "एक वेढा, एक मणी. एका माळेचे एकशे आठ. आणि तोंडं बंद ठेवा दोघांनी."

मी हिशेब केला. विजेकडची बाजू, म्हणजे प्रायमरी, साडेआठ माळा. व्हॉल्व्हकडची, म्हणजे सेकंडरी, साडेअठरा. बाहेर पाऊस लागलेला, पडवीत मी डोळे मिटून माळ ओढतोय, समोर बाळकाका मान खाली घालून हँडल फिरवतायत. सातव्या माळेला भिकंभट सत्यनारायणाची तारीख ठरवायला आले. आम्हाला बघून त्यांनी छत्री मिटली, चपला काढल्या आणि हात जोडून उभेच राहिले. किती वेळ उभे होते कोण जाणे. साडेआठ माळा संपल्या, तसे मी डोळे उघडले. भिकंभट दबक्या आवाजात म्हणाले, "कुठला जप हो?"

बाळकाकांनी कपाळावरचा घाम पुसला.

"प्रायमरी झाली. आता सेकंडरीला बसायचं आहे!"

पुढच्या सोमवारी कचेरीत साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि अतिशय अदबीने विचारलं, "तुमच्या अनुष्ठानात चहा चालतो ना?"

* * *

इकडे दर पंधरा दिवसांनी मला लांज्याला जाऊन कबुलीजबाब द्यावा लागत होता. सुनंदाने सोडलं नाही. रविवार उजाडला की एस.टी. स्टँड. "दोन दिवसांत देतो म्हणालात ना? मग का झालं नाही ते तोंडाने सांगा."

पहिल्या खेपेला मी सांगितलं, "अण्णा, ट्रान्सफॉर्मर जरा जळला." मी बोलणी खायची तयारी करूनच गेलो होतो. अण्णा म्हणाले, "असं होय. म्हणजे नक्की काय झालं? काढून दाखवा बघू." आणि शाळेची जुनी वही पुढे केलीनी.

मग ती रीतच पडली. आम्ही गेलो की घावनं तयार, तळलेले गरे तयार, वही तयार. मी त्या पंधरवड्यात काय बिघडवलं त्याची आकृती काढायची, अण्णांनी लाल पेन्सिलीने माझ्या वाकड्या रेघा सरळ करायच्या. एकदा त्यांनी पानाखाली गुण दिले. दहापैकी चार.

"अण्णा, चारच?"

"आकृतीला चार. रेडिओ बोलायला लागला की वाढवू."

हसू यायचं, पण समोरच्या मेजावर रेडिओची जागा रिकामी असायची. सासूबाईंनी विणलेलं त्यावरचं क्रोशाचं झाकण अण्णांनी घडी घालून तिथेच ठेवलं होतं. मी एकदा माझा ट्रान्झिस्टर नेऊन दिला. त्यांनी तो दोन दिवसांनी कोणाबरोबर तरी परत पाठवला. पुढच्या खेपेला विचारलं तर म्हणाले, "आवाज आहे हो त्यात. पण उजेड नाही."

ते वाक्य मला फार लागलं. घरात एकटा माणूस, त्याची एकुलती एक सोबत मी सुटी करून बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवलेली. परतीच्या एस.टी.त मी सुनंदाशी नजर मिळवत नसे. खरं सांगतो, मला माझी लाज वाटायची. आणि इतकी लाज वाटूनही हसनभाईंकडे जाऊन "तुम्हीच करून द्या" म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती!

* * *

दिवाळीनंतर पॉवर सप्लाय पुरा झाला. शनिवारी संध्याकाळी सहाला बाळकाकांच्या पडवीत लावून बघितला. अडीचशे हवे होते, भरले कसेबसे एकशे नव्वद.

"वेढे कमी पडले," बाळकाका म्हणाले.

वेढे बरोबर होते. संध्याकाळी गावात सगळीकडे दिवे लागत आणि बंदरावर बर्फाचा कारखाना सुरू असे. घरात वीज यायची ती जेमतेम एकशे सत्तर. हे रत्नागिरीत शेंबड्या पोराला माहीत होतं. आम्ही मात्र जपमाळ काढली आणि सेकंडरीला आणखी सहा माळा चढवल्या. सोमवारी संध्याकाळी सहाला मीटरचा काटा बरोब्बर अडीचशेवर!

मग काय, उद्घाटन ठरलं. पुढचा रविवार, दुपारी बारा. काकूंनी नारळ आणला. शेजारपाजारची मंडळी आली. हसनभाईंना मी मुद्दाम स्वतः जाऊन बोलावून आणलं. म्हटलं, बघा म्हणावं 'मुळापासून' म्हणजे काय ते! सुनंदा मात्र उंबऱ्याच्या आत उभी राहिली. म्हणाली, इथनं दिसतं मला.

दुपारी बाराला रविवारी कारखाना बंद. दिवे बंद. वीज कधी नव्हे ती दोनशे पंचेचाळीस, आणि वर आमच्या जादा सहा माळा.

बाळकाकांनी नारळ फोडला, मी बटण दाबलं. नळ्या लाल झाल्या. लाल झाल्या त्या झाल्याच. मी हात वर करून म्हटलं, "आता आवाज येईल!"

आला! नवा कंडेन्सर असा काही फुटला की शेजारच्यांच्या गाईने दावं तोडलं. पडवीभर चांदीच्या कागदाचे कपटे तरंगायला लागले. सगळे अंगणात. एकटे हसनभाई खुर्चीत बसून राहिले होते. त्यांनी टोपीवरचा एक कपटा उचलला, उजेडात धरून बघितला.

"मुबारक हो, माधवराव. आवाज दणदणीत आहे. स्टेशन कुठलं म्हणायचं हे?"

* * *

ह्या स्फोटानंतर बाळकाकांनी मंडळाला शिस्त लावली. मोठ्या व्होल्टचं काम करताना डावा हात खिशात! का, तर दोन्ही हात लागले की वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताला जाते. खिशात हात असला तर निदान माणूस वाचतो. तारखात्यातला जुना नियम.

नियम चांगला. पण रत्नागिरीत उन्हाळ्यात घरी पँट कोण घालतो? बाळकाका बारा महिने पंचा आणि उघडे. त्यांनी पंचा घेतला आणि शिंप्याकडे गेले. शिंपी म्हणाला, "पंचाला खिसा? काय ठेवायचं आहे, काका?"

"हात!"

शिंप्याने ही गोष्ट गावात कोणाकोणाला सांगितली असेल ते जाऊ दे.

माझ्या पँटला मात्र खिसे होते, त्यामुळे मी निर्धास्त. मे महिन्यातला शनिवार. बटण बंद केलं, प्लग काढला, तो सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला, डावा हात खिशात घातला आणि उजवा हात आत घातला. कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, प्लग काढला तरी राहते, हे मला पाठ होतं. इतरांना मीच सांगायचो! तेवढ्यात मानेवर डास बसला. मी डावा हात बाहेर काढला, डास मारला आणि तोच हात टेकायला म्हणून रेडिओच्या सांगाड्यावर ठेवला.

पुढचं मला सांगता येणार नाही. बाळकाका म्हणतात, "बसल्या जागेवरनं उडी मारलान! पायरी न लावता अंगणात!"

अंगणात काकूंनी चटईवर आमसुलं वाळत घातली होती. मी त्यात पाठीवर पडलो.

"अगो बाई, माझी आमसुलं!" काकू धावत आल्या. माझं कोणी नावही काढलं नाही.

तसाच घरी गेलो. हाताला अजून मुंग्या. सुनंदाने दार उघडलं, मी वळून चप्पल काढायला वाकलो आणि पाठीवरचे लालभडक डाग बघून ती मटकन खाली बसली. मी म्हटलं, "अगं, रक्त नाही ते, आमसुलं आहेत!" तिने शर्टाचा वास घेतला. मग रडायला लागली. मग हसायला लागली. आणि मग म्हणाली, "तुम्ही आधी हसनभाईंकडे जा. आत्ताच्या आत्ता."

* * *

गेलो. वर्षभर उराशी बाळगलेला अभिमान त्यांच्या टेबलावर ठेवला. वेढे कमी करून घेतले, सगळं परत जोडलं, रेडिओ बोलायलाही लागला. पण घूं! अण्णांनी दिला तेव्हा भुंगा होता, आता भाताची गिरणी होती.

हसनभाईंनी कान लावला. खालची एक काळी वायर सोडवली, दोन इंच पलीकडे जोडली. घूं गप्प! नुसता स्वच्छ आवाज, खर्जातला. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी दाराकडे बोट केलं.

"आता तरी चहा प्यायला जा!"

* * *

गणपतीच्या आधी रेडिओ लांज्याला पोचवला. एस.टी.त मी तो मांडीवर धरून बसलो होतो. अण्णांनी मेज पुसून ठेवलं होतं. बटण फिरवलं, डायल उजळला आणि आवाज आला. अण्णा बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग लाल पेन्सिल घेतली, वही उघडली आणि चाराच्या जागी नऊ केले. "एक हसनभाईंचा," म्हणाले. मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता. निघताना मी म्हटलं, "सुटलात अण्णा तुम्ही! आता दर पंधरा दिवसांनी माझं रडगाणं ऐकायला नको."

"हो, ते एक आहेच," अण्णा म्हणाले. फाटकापर्यंत आले आणि एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे होते.

नवरात्रात पोस्टकार्ड आलं. "रेडिओ अचानक बंद पडला आहे. सवडीने येऊन पाहावे. चि. सुनंदासही आणावे."

माझा चेहरा पडला. म्हटलं, गेला आपला ट्रान्सफॉर्मर! सगळं सामान पिशवीत भरलं, मीटर आठवणीने घेतला आणि रविवारी सकाळीच लांज्याला हजर झालो. बटण फिरवलं. डायल उजळला, बस्स. आवाज नाही, धूर नाही, घूं सुद्धा नाही. अण्णा खिडकीशी उभे राहून अंगणातल्या माडाकडे बघत होते.

मी मागचं झाकण काढलं. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता. कंडेन्सर जागच्या जागी होते. पाच व्हॉल्व्हच्या सेटमध्ये व्हॉल्व्ह मात्र चारच दिसत होते. पाचवा खाली पेटीच्या कोपऱ्यात होता. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या पांढऱ्या रुमालात नीट गुंडाळून ठेवलेला.

मी सुनंदाकडे बघितलं. तिने रुमालाकडे बघितलं, मग अण्णांच्या पाठीकडे, आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

मी व्हॉल्व्ह त्याच्या जागी बसवला. मीटर काढला, उगाच इकडे तिकडे लावला, अर्धा तास घालवला. रेडिओ बोलायला लागला तेव्हा कपाळावरचा घाम पुसून गंभीरपणे म्हटलं, "अण्णा, चालू झालाय. पण फॉल्ट अवघड आहे, भरवसा नाही. दर पंधरा दिवसांनी येऊन तपासावा लागेल."

अण्णांनी खिडकीतून मान वळवली.

"पंधरा दिवस जरा जास्त होत नाहीत?"